बंद करायचा, पण परत चालू होईल असा

पुण्यात सदाशिव पेठेत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. आजूबाजूला स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका, मुलींची वसतिगृहं, कॉट बेसिसच्या खोल्या आणि वाडे पाडून उभ्या राहिलेल्या सोसायट्या. त्यामुळे गिऱ्हाईकही दोन टोकांचं. एकीकडे सांगली, लातूर, यवतमाळहून आलेल्या विशीतल्या मुली. दुसरीकडे सत्तरी ओलांडलेले काका-काकू, ज्यांची मुलं-नातवंडं न्यू जर्सीला नाहीतर मेलबर्नला असतात. लॅपटॉपचा कॅमेरा बंद करून द्या, ही मागणी दोन्हीकडून येते. गेल्या काही वर्षांत ती बॅटरी-कीबोर्डइतकीच नेहमीची झाली आहे. तोच लॅपटॉप पुढे कधीतरी परत येतो आणि तेव्हा तक्रार उलटी असते, "कॅमेरा चालत नाही हो, बघता का?"

पहिलं काम कुणीही करून देतं. दुसऱ्याला वेळ जातो, कारण कॅमेरा कुणी, कुठे आणि कसा बंद केला, याची नोंद कुणाकडेच नसते. मैत्रिणीने सेटिंगमध्ये जाऊन काहीतरी केलेलं असतं, भाच्याने बायोसमध्ये, आधीच्या दुकानदाराने थेट आतली वायर काढलेली असते. म्हणून माझं मत या कामातूनच पक्कं झालं आहे: ज्याचा लॅपटॉप आहे त्याला कॅमेरा स्वतःच्या हाताने परत चालू करता आला, तरच तो बंद करण्याचं काम पुरं झालं. नाहीतर आपण एक भीती घालवून एक परावलंबन देतो.

या धंद्यात शिरले तेव्हा मी तापकीर गल्लीतल्या एका दुकानात आतल्या टेबलावर सोल्डरिंग करायचे. एखादी मुलगी कॅमेऱ्याबद्दल विचारायला आली की काउंटरवरची मंडळी ते हसण्यावारी न्यायची. "तुम्हाला कोण बघतंय मॅडम?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की स्वतःचं दुकान टाकल्यावर हाताखालच्या पोराला पहिल्यांदा सांगितलं, इथे हे कुणी बोलायचं नाही. कारण बघणारे असतात. अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या लोअर मेरियन भागातल्या सरकारी शाळांनी मुलांना घरी न्यायला लॅपटॉप दिले होते. चोरीला गेलेलं मशीन शोधण्यासाठी त्यांत एक सॉफ्टवेअर टाकलेलं होतं आणि ते कॅमेऱ्यातून फोटो काढून शाळेकडे पाठवायचं. २०१० साली एका विद्यार्थ्याच्या घरच्यांनी दावा लावला तेव्हा उघड झालं, की फोटो आणि स्क्रीनची चित्रं मिळून ५६ हजारांच्या वर प्रतिमा जमा झाल्या होत्या. आपल्या खोलीत झोपलेल्या त्या मुलाचे फोटोही त्यांत होते. शेवटी ६ लाख १० हजार डॉलरवर तडजोड झाली.

२०१३ साली कॅसिडी वुल्फ ही अमेरिकेची मिस टीन झालेली मुलगी उघडपणे बोलली. तिच्या खोलीतल्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून कुणीतरी तिचे फोटो काढून तिला धमकावत होतं. पकडला गेलेला तरुण तिच्याच शाळेत शिकलेला निघाला. त्याला १८ महिन्यांची कैद झाली. पुढच्याच वर्षी ब्लॅकशेड्स नावाच्या सॉफ्टवेअरवर अनेक देशांत एकाच वेळी छापे पडले. दुसऱ्याचा संगणक, कॅमेऱ्यासकट, दुरून चालवायचं हे हत्यार अवघ्या ४० डॉलरला मिळत होतं आणि एफबीआयच्या म्हणण्यानुसार शंभरावर देशांतले पाच लाखांहून जास्त संगणक त्याने बाधित झाले होते.

या हकिगती मी गिऱ्हाइकाला घाबरवायला सांगत नाही. पण पहिल्या दोन्हींत एक गोष्ट आहे, ती माझ्या टेबलावरही पुन्हा पुन्हा दिसते. बघणारा कुणी परदेशातला अनोळखी हॅकर नव्हता. एकीकडे मशीन देणारी शाळा होती, दुसरीकडे ओळखीतला मुलगा. लॅपटॉप ज्याच्या हातातून आपल्याकडे येतो, तिथून चौकशी सुरू करायची.

एक मुलगी आली होती, एमपीएससीचा अभ्यास करणारी. म्हणाली, "ताई, फक्त कॅमेरा बंद करून द्या. बाकी काही बघू नका." मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. दुकानाचा तो नियमच आहे: मशीन चालू असताना स्क्रीन गिऱ्हाइकाला दिसली पाहिजे, पासवर्ड तिनेच टाकायचा, आणि कॅमेरा तपासताना काढलेला फोटो तिच्यासमोर पुसायचा. विंडोज सुरू झाल्याबरोबर खाली उजव्या कोपऱ्यात एक चिन्ह आलं. ते दुरून मशीन चालवायचं सॉफ्टवेअर होतं. ते आपोआप सुरू होत होतं, आणि समोरच्याने फक्त पासवर्ड टाकायचा, इकडून कुणी 'हो' म्हणायची गरज नाही, अशी त्याची मांडणी करून ठेवलेली होती. तिला विचारलं, हे कुणी टाकलं? ती गप्प राहिली. मग म्हणाली, लॅपटॉप घेतला तेव्हा एका ओळखीच्याने सगळं सेट करून दिलं होतं, आता बोलणं बंद आहे.

अशा वेळी नुसता कॅमेरा बंद करून मशीन हातात दिलं, तर तिला खोटा दिलासा दिल्यासारखं होईल. जो दुरून मशीनमध्ये शिरू शकतो आणि ज्याच्याकडे ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार आहेत, तो बंद कॅमेरा परत चालूही करू शकतो. शिवाय तो तिचे मेल वाचेल, फाइली उघडेल, पासवर्ड उचलेल. मी आधी वाय-फाय बंद केलं आणि तिला दोन वाटा सांगितल्या. तक्रार करायची असेल, तर काहीही पुसायचं नाही, फॉरमॅट तर मुळीच नाही. मशीन आहे तसं बंद करून सायबर पोलिसांकडे न्यायचं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं खासगीपणाच्या भंगाबद्दलचं कलम ६६ ई आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. चोरून बघण्याचा गुन्हा आधी भारतीय दंड संहितेत ३५४ सी होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तो कलम ७७ खाली येतो. तक्रार करायची नसेल, तर फाइली बाहेर काढून विंडोज नव्याने टाकायचं, आणि सगळे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदलायचे. तिने काय ठरवलं ते तिचं तिच्यापाशी. कॅमेऱ्यापासून सुरू झालेलं काम कॅमेऱ्यावरच संपेल असं नसतं, हे मात्र या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं. फॉरमॅट मारून मोकळं होण्याची आपली सवय अशा वेळी पुरावा पुसून टाकते.

बहुतेकींचा भरवसा कॅमेऱ्याशेजारच्या दिव्यावर असतो. दिवा लागला नाही म्हणजे कुणी बघत नाही. ज्या मशीनमध्ये दिवा आणि सेन्सर यांना एकाच वाटेने वीज जाते, तिथे हे खरं आहे. सेन्सर चालू झाला की दिवा लागणारच. पण सगळीकडे तशी जोडणी नसते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या मॅथ्यू ब्रॉकर आणि स्टीफन चेकोवे यांनी २०१३ साली दाखवून दिलं, की काही जुन्या मॅकबुकांच्या कॅमेऱ्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या चिपमधलं सॉफ्टवेअर, बदलून दिवा न लावता चित्र घेता येतं. २०२४ साली आंद्रे कोनोवालोव या संशोधकाने थिंकपॅड एक्स२३० वर तेच करून दाखवलं. त्यात दिवा कॅमेऱ्याच्या कंट्रोलरच्या एका वेगळ्या पिनवर आहे आणि ती पिन सॉफ्टवेअरच्या हुकमात चालते. हे मॉडेल २०१२ चं. मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेली अशी जुनी थिंकपॅड मशीनं विद्यार्थ्यांना परवडतात, म्हणून मी हे लक्षात ठेवलं. अर्थात कुणाच्या मशीनचं फर्मवेअर बदलण्याइतके कष्ट घेणारा माणूस माझ्या गिऱ्हाइकांच्या वाट्याला सहसा येत नाही. दिव्याकडे बघावं, पण तेवढ्यावर विसंबू नये.

मुलींनी स्वतः शोधून काढलेला उपाय म्हणजे टिकली. वसतिगृहातून आलेल्या लॅपटॉपवर, स्क्रीनच्या वरच्या पट्टीत मधोमध, मरून रंगाची मखमली टिकली हमखास दिसते. मला हा उपाय मनापासून आवडतो. स्वस्त आहे, डोळ्यांना दिसतो, कुठल्याही सॉफ्टवेअरला तो काढता येत नाही आणि जिने लावला तिला क्षणात काढता येतो. २०१६ साली मार्क झुकरबर्गचा एक फोटो गाजला, त्यात मागे टेबलावरच्या त्याच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर टेप दिसत होती. एफबीआयचे तेव्हाचे प्रमुख जेम्स कोमी यांनीही आपण टेप लावतो असं सांगितलं होतं. आमच्या मुली त्याच पंगतीतल्या.

टिकलीची अडचण गोंदाची. उन्हाळ्यात मशीन तापलं की गोंद सुटून भिंगावर पसरतो. महिनोन्महिन्यांनी टिकली काढली की धुरकट थर मागे राहतो आणि ऑनलाइन मुलाखतीत चेहरा पुसट दिसतो. मग कापसाच्या काडीला किंचित आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावून, भिंगावर जोर न देता, मधून कडेकडे पुसत यावं लागतं. नखाने खरवडलं तर भिंगावरच्या पारदर्शक पट्टीला ओरखडा पडतो आणि तो कायमचा. म्हणून मी टिकली लावायची पद्धत शिकवते. पंचिंग मशीनमधून पडणारा कागदाचा गोल तुकडा घ्यायचा, तो टिकलीच्या गोंदाच्या मधोमध बसवायचा आणि मग चिकटवायची. भिंगासमोर कागद येतो, गोंद फक्त कडेला राहतो. टिकली त्यासाठी थोडी मोठी लागते.

सेमिनारमध्ये फुकट वाटतात त्या प्लास्टिकच्या सरकत्या झाकणांबद्दल मात्र मी सगळ्यांना सावध करते. पातळ लॅपटॉपमध्ये झाकण मिटल्यावर स्क्रीन आणि कीबोर्ड यांच्यात केसभर जागा उरते. तिथे हा प्लास्टिकचा तुकडा आला आणि वर बॅगेतली पुस्तकं दाबली गेली की काच वरच्या मध्यातून तडकते. ॲपलने २०२० साली तशी सूचनाच काढली होती: झाकण लावून मॅकबुक मिटू नका, आणि लावायचंच तर छपाईच्या साध्या कागदाहून, म्हणजे ०.१ मिलिमीटरहून जाड नको. माझ्याकडे असा तडकलेला डिस्प्ले आला की खर्चाचा आकडा सांगताना वाईट वाटतं. खबरदारी घेणाऱ्याच माणसाला तो दंड बसलेला असतो.

आता सॉफ्टवेअर. विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली कॅमेऱ्याचं बटण आहे. कुठल्या ॲपला परवानगी आणि कुणी शेवटचा कधी वापरला, तेही तिथे दिसतं. ती यादी अधूनमधून बघावी, फार बोलकी असते. पण साधे डेस्कटॉप प्रोग्राम या बटणाला दरवेळी जुमानतीलच असं नाही. मायक्रोसॉफ्टनेच तसं सांगून ठेवलं आहे. म्हणून माझी पसंती डिव्हाइस मॅनेजरला. हे काम मी करत नाही, माउस समोरच्याच्या हातात देते. स्टार्टवर उजवी क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, त्यात 'कॅमेराज', जुन्या विंडोजमध्ये 'इमेजिंग डिव्हाइसेस'. नावावर उजवी क्लिक आणि 'डिसेबल डिव्हाइस'. विंडोज खात्री विचारतं, हो म्हणायचं. चिन्हावर खाली तोंड केलेला बारीक बाण येतो. मग कॅमेरा ॲप उघडायला लावते. कॅमेरा सापडत नाही असा निरोप येतो, खाली ए००एफ४२४४ असा क्रमांक. हा क्रमांक बघून पुढे कधीतरी घाबरायला होईल, म्हणून तो आत्ताच ओळखीचा करून द्यायचा. मग सांगते, आता तूच परत चालू कर. त्याच जागी 'एनेबल' येतं. दोन-तीनदा बंद-चालू करून झालं की चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसतो. इथे एकच गोष्ट बजावून सांगते: शेजारच्या 'अनइन्स्टॉल'ला हात लावायचा नाही. त्याने कॅमेरा बंद झाल्यासारखा वाटतो, पण पुढच्या वेळी मशीन सुरू करताना विंडोज तो परत शोधतं, ड्रायव्हर परत बसवतं आणि कॅमेरा कुणालाही न सांगता चालू झालेला असतो.

कॅमेरा 'डिसेबल' करायला ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागतो आणि परत चालू करायलाही. म्हणून रोजच्या वापराला साधं अकाउंट करून द्यायचं आणि ॲडमिनिस्ट्रेटरचं वेगळं ठेवायचं. एवढ्याने चुकून टाकलेल्या बऱ्याच वाईट प्रोग्रामांचे हात बांधले जातात. लिनक्स वापरणारी मुलं येतात, त्यांना 'यूव्हीसीव्हिडिओ' हे मॉड्यूल काढायचं आणि ब्लॅकलिस्ट करायचं एवढं सांगितलं की पुरतं. कारण बहुतेक लॅपटॉपमधला कॅमेरा म्हणजे आतल्या आत जोडलेलं यूएसबीचंच उपकरण असतं.

विंडोजच्याही खालचा थर बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर. थिंकपॅडमध्ये सिक्युरिटीखाली आय-ओ पोर्ट ॲक्सेस असतं, त्यात कॅमेरा बंद केला की विंडोजला तो मशीनमध्ये आहे हेच कळत नाही. दुरून शिरलेल्या माणसाला इथवर पोचणं फार अवघड. मजबूत उपाय आहे, पण लोक त्यावर सुपरवायझर पासवर्ड टाकतात आणि तो विसरतात. थिंकपॅडमध्ये हा पासवर्ड विसरला तर कंपनीचं अधिकृत उत्तर मदरबोर्ड बदला, हे आहे. दुसऱ्याने पासवर्ड टाकून दिला असेल, तर ते घराला कुलूप लावून किल्ली शेजाऱ्याबरोबर परगावी पाठवण्यासारखं आहे.

असे एक काका आले होते, बँकेतून निवृत्त झालेले. मुलगी न्यू जर्सीला. कॅमेरा बिघडलाय, नवा टाका म्हणाले. पट्टीवर टेप होती, तिच्याखाली कागद. ती काढली. कॅमेरा ॲप म्हणालं, परवानगी नाही. प्रायव्हसीतून परवानगी दिली. आता आलं ए००एफ४२४४. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॅमेराच नाही. 'हिडन डिव्हाइसेस दाखवा' केलं, तेव्हा फिकट रंगात नाव दिसलं. आत बघितलं तर कोड ४५. याचा अर्थ उपकरण पूर्वी या मशीनला होतं, आता जोडलेलं दिसत नाही. कोड २२ असता तर कुणीतरी विंडोजमधून बंद केलाय एवढंच. कोड ४५ म्हणजे आणखी खाली जायचं: फंक्शनच्या कळांपैकी एखादीवर कॅमेऱ्याचं चित्र आहे का ते बघायचं, कडेला बारीक स्विच आहे का ते चाचपायचं, मग बायोस, आणि सगळ्यात शेवटी आतली वायर. बायोसने पासवर्ड मागितला. काका म्हणाले, भाच्याने केलं होतं सगळं, तो टोरांटोला गेला. त्याला फोन लावला. सुदैवाने त्याने तो लिहून ठेवला होता. बायोसमधून चालू केल्यावर विंडोजमध्ये नाव उमटलं ते बाण घेऊनच, म्हणजे तिथेही बंद होता. भाच्याने काळजीपोटी चारही थरांवर बंद केला होता आणि काकांना फक्त टेप माहीत होती. बरेच महिने ते मुलीशी नुसतं आवाजावर बोलत होते. नव्या कॅमेऱ्याची गरजच नव्हती.

तेव्हापासून कॅमेरा बंद केलेल्या प्रत्येक मशीनच्या खालच्या बाजूला मी एक चिठ्ठी चिकटवते. कुठल्या थरावर बंद केलाय, कुठल्या तारखेला आणि चालू करायला काय करायचं, हे साध्या मराठीत. पासवर्ड चिठ्ठीवर नाही. तो मालकाने स्वतः टाकायचा आणि घरातल्या वहीत लिहायचा.

वायर काढायची वेळ क्वचितच येते. हट्ट धरला तरी मी आधी पूर्ण समजावून सांगते. आधी बॅटरी सोडवायची. स्क्रीनभोवतीची चौकट जुन्या मशीनमध्ये खालच्या रबरी बुचांमागचे स्क्रू काढून, प्लास्टिकच्या पिकने एकेक क्लिप सोडवत निघते. ती तुटू नये म्हणून कोपऱ्यापासून सुरुवात करायची. कॅमेरा म्हणजे बोटभर लांबीची हिरवट किंवा काळी पट्टी, मधे भिंग, बाजूला दिवा, आणि बऱ्याचदा दोन टोकांना बारीक छिद्रांमागे माइक. पट्टीला येणारा जोड नखाएवढा, त्यात केसासारख्या तारा: विजेच्या, यूएसबीच्या डेटाच्या, आणि माइकच्या वेगळ्या. तो ओढायचा नाही, नखाने दोन्ही बाजूंनी आळीपाळीने सरकवायचा. सुटलेलं टोक कॅप्टॉन टेपमध्ये गुंडाळून बाजूला बसवायचं, म्हणजे कशाला चिकटून शॉर्ट होत नाही. एवढं केलं की कॅमेरा मेला, कुठल्याही सॉफ्टवेअरला तो उठवता येत नाही. पण त्याच जोडातून माइकही जात असेल तर तोही जातो, आणि चेहरा ओळखून उघडणाऱ्या मशीनचं ते लॉगिनही जातं. पुढच्या दुकानदाराला वाटतं माइकचं कार्ड गेलं. काचेचा टचस्क्रीन किंवा मॅकबुक असेल, तर मी हात लावत नाही. तिथे डिस्प्ले उघडण्यातला धोका मिळणाऱ्या फायद्याच्या कैक पट आहे.

हट्ट धरणाऱ्यांत एक काकू होत्या, निवृत्त शिक्षिका. त्यांना फोन आला होता, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले. मग व्हिडिओ कॉल, समोर गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत. तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेरा बंद केलात तर अटक होईल, खोलीबाहेर जायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. स्वयंपाकघरात पाणी प्यायला जातानाही लॅपटॉप हातात धरून न्यायला लावला. शेजारणीने दार वाजवलं आणि त्या भानावर आल्या, म्हणून पैसे वाचले. माझ्याकडे आल्या तेव्हा हात थरथरत होते. "अगं, हा डोळाच काढून टाक. मला तो परत बघायचाही नाही."

त्यांना मी सांगितलं, की भारतातल्या कुठल्याही कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट नाही आणि कुठलंही पोलीस ठाणं व्हिडिओ कॉलवर कुणाला अडकवून ठेवत नाही. पंतप्रधान ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मन की बात'मध्येही यावरच बोलले होते. पैसे गेले नसले तरी तक्रार नोंदवा म्हटलं, १९३० या हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर. त्या चोरांचा नंबर आणि खातं पुढच्या बाईच्या उपयोगी पडतं. आम्ही दोघींनी बसूनच ती नोंदवली. त्यांच्या बाबतीत कॅमेऱ्यात कुणी चोरून शिरलं नव्हतं, तो धाक घालून त्यांच्याच हातून चालू ठेवायला लावला होता. वायर काढून तो धाक गेला नसता. तोच कॉल उद्या मोबाइलवर आला असता.

तरीही त्यांचं म्हणणं मी मोडलं नाही. ज्या वस्तूसमोर माणसाने इतके तास भीतीत काढले, ती रोज समोर नको, हे अगदी रास्त आहे. फक्त विचारलं, व्हिडिओवर कुणाशी बोलता? नातीशी, रविवारी. मग आम्ही आतला कॅमेरा बायोसमधून बंद केला, पासवर्ड काकूंनी स्वतः टाकला, आणि बाहेरून लावायचा साधा यूएसबी कॅमेरा घेतला. आत असो वा बाहेर, जात तीच. लावला की विंडोज ओळखतं, ड्रायव्हर शोधावा लागत नाही. रविवारी तो लावायचा, बोलणं झालं की काढून ड्रॉवरमध्ये. काढलेला कॅमेरा बघू शकत नाही, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. वयस्कर माणसांसाठी मला याहून चांगला उपाय आजवर सापडलेला नाही. वर त्यांना एक वाक्य पाठ करायला दिलं: "मी कॅमेरा काढतेय, तुम्ही नोटीस घरी पाठवा."

नवं मशीन घेणाऱ्यांना मी हल्ली पहिली चौकशी कॅमेऱ्याचीच करायला सांगते. २०१८ च्या सुमारापासून लेनोवोच्या थिंकपॅडमध्ये कॅमेऱ्यावर सरकणारा पातळ पडदा येऊ लागला. त्याच काळात एचपीच्या काही मॉडेलांत कडेला स्विच आला, जो कॅमेरा मशीनपासूनच तोडतो. फ्रेमवर्कच्या लॅपटॉपला कॅमेरा आणि माइक दोन्हींसाठी वेगवेगळे स्विच आहेत. जुन्या बाजारातून घेताना पडदा असलेलं मॉडेल थोडं महाग पडलं तरी घ्यावं. ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपची गोष्ट वेगळी. तिथे बायोस कंपनीच्या आयटी विभागाच्या ताब्यात असतं. घरून काम करणाऱ्या मुली तो घेऊन येतात, तेव्हा मी फक्त टिकली शिकवते आणि आयटी विभागाला लेखी विचारायला सांगते, की या मशीनवर कॅमेरा कोण, कधी चालू करू शकतं. हा प्रश्न विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

कॅमेऱ्याचं सगळं मार्गी लागलं की शहाण्या मुली उठता उठता विचारतात, "आणि ताई, माइकचं काय?" प्रश्न अगदी बरोबर आहे, कारण टिकली किंवा पडदा माइकला काहीच करत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्येच 'ऑडिओ इनपुट्स अँड आउटपुट्स' असतं, तिथे 'मायक्रोफोन ॲरे' त्याच पद्धतीने बंद करता येतो आणि तसाच चालू. काही लॅपटॉपना माइकची वेगळी कळ असते आणि तिच्यावर दिवाही. इस्रायलच्या बेन गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं होतं, की साउंड चिपला फितवून खोबणीत लावलेल्या हेडफोनचाही माइक करता येतो. म्हणून काम झालं की हेडफोन काढून ठेवायला सांगते. मग चिठ्ठीवर कॅमेऱ्याखाली माइकची ओळही लिहिते आणि माउस परत तिच्या हातात देते, की आता हाही एकदा बंद करून चालू करून दाखव.